तिया देन्सियाची पंधरा मडकी

तिया देन्सियाचा, आम्हा सगळ्यांच्या या मावशीचा, उजवा तळहात सपाट झाला आहे. गेली पन्नास वर्षं ती त्या हातानं तुलिंगान दाबत आली. मासा टम्म, हातभर, काळसर पाठीचा. त्याचं शेपूट पिळून काढायचं, दोन्ही अंगांना चिरा द्यायच्या, मीठ चोळायचं आणि तळहाताखाली दाबून चपटा करायचा. मडक्याच्या तळाला केळीचं पान, त्यावर डुकराच्या चरबीचे काप आणि वाळलेली आंबट बिलंबी, वर मासे. मग नारळाच्या सोडणांची मंद आच, पहाटेपासून ऊन चढेपर्यंत. बातांगासच्या आमच्या किनाऱ्यावर असा मासा दुसरं कुणी शिजवत नाही. मी तिचा शेजारी आहे म्हणून हे सांगत नाही.

तियाचा नवरा समुद्रात गेला तो परत आला नाही. त्यानंतर चार वर्षं ती रोमला होती. एका म्हाताऱ्या बाईचं अंग पुसायची, तिचा कुत्रा फिरवायची. रविवारी सुट्टी. त्या दिवशी आपली माणसं एका बागेत जमत, आणि तिया बाजारात मिळेल तो मासा पातेल्यात शिजवून नेई. बाकावर पातेलं ठेवायचं, झाकण काढायचं, आणि समोर येईल त्याला म्हणायचं, "ये, जेव." एक गालफडं बसलेला पोरगा सहा रविवार येऊन जेवून गेला. त्याला कुणी काही विचारलं नाही. सातव्या रविवारी त्यानंच सांगितलं, मी नेमेस्यो, तुमच्या शेजारच्या वाडीचा.

तोच नेमेस्यो आज रोममधल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष आहे. गावात त्याचं तीन मजली घर आहे, फाटकावर दगडी सिंह आहेत, आणि वर्षातले अकरा महिने त्या सिंहांना राखायला आत कुणी नसतं.

यंदा त्यानं चर्चशेजारी सभागृह बांधलं आणि जाहीर केलं, गावच्या संताच्या, सान इसिद्रोच्या सणाचं जेवण मंडळाकडे. तियाला निरोप आला, मडकी तुमचीच हवीत. ती हरखली. मासे तिनं आणले, सोडणं तिची, मडकीही तिची. सणाला आमच्याकडे कुठलंही दार बंद नसतं. ओळखीचा असो, परका असो, रस्ता चुकलेला असो, पायरी चढला की तो जेवतो. यंदा सभागृहाच्या भरवशावर निम्म्या गावानं घरी चूल पेटवली नव्हती.

दुपारी हातगाडीवर पंधरा मडकी घेऊन आम्ही पोचलो, तर दारात लाल मखमली दोरी. दोरीमागे शहरातून आणलेला रखवालदार, हातात कागद.

पलीकडच्या गावचा म्हातारा इसको, बर्फाच्या कांड्या विकणारा, टोपी काढून उभा होता.

"नाव?" रखवालदार म्हणाला.

"इसको. पण तू मला ओळखणार नाहीस, बाबा."

"यादीत नाही. बाजूला व्हा."

"अरे, आज सण आहे ना?" इसको हसला. त्याला गंमत वाटली. मग त्याच्या लक्षात आलं, ही गंमत नाही. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर घातली. त्याच्यामागे आमचेच साठ-सत्तर लोक उन्हात उभे होते. लेकरं आतल्या भाजलेल्या डुकराकडे बघत होती.

तियानं नेमेस्योला बाहेर बोलावलं. पांढरा सदरा, अत्तराचा वास.

"या ना, तिया! तुमची खुर्ची माझ्या शेजारी ठेवलीय. नावाची चिठ्ठीसुद्धा आहे."

"या माणसांच्या चिठ्ठ्या कुठायत?"

"तिया, पाहुणे आलेत, मोठे लोक आहेत. दोनशे ताटांची व्यवस्था आहे. या लोकांना संध्याकाळी उरलेलं बांधून देऊच की."

"उरलेलं?"

"तुम्ही उगाच मनाला लावून घेता."

"बागेत तुझं नाव कुणी विचारलं होतं रे?"

"तिया, ते दिवस वेगळे होते."

"दिवस वेगळे असतील. भूक तीच आहे." ती माझ्याकडे वळली. "गाडी फिरव."

"अहो, आत सगळे तुलिंगानची वाट बघतायत!"

"मग त्यांनाही सांग, माझ्या घराला दोरी नाही."

मी गाडी फिरवली. ज्या गावानं वर्गणी काढून याच्या विमानाच्या तिकिटाला हातभार लावला, त्या गावाला हा उरलेलं बांधून देणार होता!

तियाच्या अंगणात मडकी उघडली. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भात टाकला. पहिलं ताट इसकोला मिळालं. हळूहळू यादीतली माणसंही येऊ लागली, बूट हातात घेऊन, ओशाळून. तियानं त्यांनाही वाढलं.

ऊन उतरलं तेव्हा पायरीशी नेमेस्यो आला. एकटाच. कुणीतरी पुटपुटलं, "विचारा याला, यादीत नाव आहे का?" दोघं-तिघं हसले.

तिया त्याच्याकडे बघत राहिली. तिचा जबडा आवळला होता. त्याला हाकलावं असं तिला किती वाटत होतं, ते मी जवळून पाहिलं. पण तो पायरी चढला होता, आणि दिवस सणाचा होता.

"ये, जेव," ती म्हणाली.

पंधराव्या मडक्याच्या तळाचा मासा तिनं त्याला वाढला, रस ओतला आणि पाठ फिरवली. तो जेवेपर्यंत ती त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तो हात धुऊन निघाला, तेव्हा तिनं मागून हाक मारली.

"ती दोरी उद्या आणून दे. माझ्या बकरीचं दावं तुटलंय."

दुसऱ्या दिवशी त्यानं स्वतः आणून दिली. गावात काही जण म्हणतात, तियानं त्याला जेवू घातलं म्हणजे माफ केलं. त्यांनी एकदा तिच्या कुंपणाशी जाऊन बघावं. लाल मखमलीला बांधलेली बकरी तिथे अजून चरते आहे, आणि ती दोरी कुणाची असं कुणी विचारलं की तिया पहिल्यापासून सगळं सांगते.