शेंगदाण्यांची रेजिमेंट

माझ्या मेव्हण्याइतका रणगाड्यांवर बोललेला माणूस सोलापुरात दुसरा झाला नाही, आणि देवाच्या दयेनं पुढंही होणार नाही. फौजेतून दफेदार होऊन आला त्याला जन्म लोटला, पण गडी अजून रणगाड्यातून खाली उतरलेला नाही. मी चौथी शिकलेला, आयुष्यभर मागावर चादरी विणल्या. पण रेजिमेंटीची मांडणी मला झोपेतही सांगता येते. चौदा रणगाड्यांची एक स्क्वाड्रन, अशा तीन. प्रत्येकीत तीन-तीन गाड्यांचे चार ट्रूप, दोन गाड्या स्क्वाड्रनच्या साहेबाला. वर मोठ्या साहेबाच्या तीन. झाले पंचेचाळीस. हे तो आमच्या ताटात शेंगदाणे मांडून शिकवायचा. एकदा दुपारभर शिकवणी चालली, तेव्हा माझी बायको, म्हणजे त्याची थोरली बहीण, म्हणाली, "उठीव रं तुजं लष्कर, मला चटणी करायचीय." आणि तिनं आख्खी रेजिमेंट उखळात घालून तिखटमिठासकट कुटली. शत्रूला जे जमलं नाही ते तिनं पाच मिनिटांत केलं.

रस्ता ओलांडायचा तोही लष्करी शिस्तीत. एक गाडी पुढं सरकली की बाकीच्या दोघींनी जागेवर थांबून नजर ठेवायची, असा त्यांचा नियम. म्हणून सात रस्त्याच्या चौकात आम्ही नवरा-बायको उन्हात नजर ठेवत उभे, आणि हा पलीकडं पोचून हात हलवणार. एक रिक्षावाला म्हणाला, "मामा, एवढ्यात बाजार उटंल की!" बोलणं तर असं दणक्यात, की त्याची कुजबुज शेजारणीला घरबसल्या ऐकू जाते. म्हणे, कानात इंजिन बसलंय.

बायको शेवटच्या दुखण्यात पडली, तेव्हा एक दिवस मला जवळ बोलावून म्हणाली, "त्यो रणगाड्यात कदी बसलाच न्हाय. लढाईत मागं डिझेलच्या ट्रकावर व्हता. तुमचं त्वांड फाटकं. दुसऱ्याकडनं कळलं तर चारचौघात काडाल, म्हनून मीच सांगते. बोलू नका." मी शब्द दिला. ती गेली. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा उपास धरणं सोपं होतं.

ती गेल्यापासून रोज साडेअकराला दफेदार डबा घेऊन येतो. ऊन असो, पाऊस असो, पाच मिनिटं इकडंतिकडं नाही. भाकरी खाईपर्यंत लढाई ऐकायची, ही त्याची किंमत.

परवा बागेतल्या कट्ट्यावर आम्ही म्हातारे बसलो होतो. दफेदाराची तोफ चालूच होती. मी मधे काही विचारलं, तर चारचौघात म्हणाला, "दाजी, तुमी चादरी इनल्या. लढाईतलं तुमाला काय कळतंय?" तेवढ्यात नवीन आलेला एक पेन्शनर कारकून हसून म्हणाला, "दफेदार, रणगाड्यात बसला होता, का लांबूनच बघितला?" दफेदार वाकून चपला शोधायला लागला. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी खोटं बोलत नाही हे त्यांना ठाऊक. शब्द दातापर्यंत आला होता. मी म्हणालो, "पुढच्याच गाडीत व्हता. माज्या बायकोनं सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी डबा साडेअकरालाच आला, लढाई मात्र आली नाही. दफेदारानं डबा माझ्यापुढं उघडला. मग चक्क हळू आवाजात म्हणाला, "आक्कानं सांगितलं व्हतं न्हवं, दाजी?"

"व्हय."

"रणगाड्याला जाड लोखंड असतंय. आमची गाडी पत्र्याची, अन् आत डिझेल. वर गोळं पडत असलं तरी पुढं जावं लागायचं. टाक्या रिकाम्या व्हायच्या की त्येंच्या."

एवढ्या वर्षांत त्याच्या तोंडून ऐकलेली ही पहिली लढाई. मी शेंगदाण्यांची वाटी पुढं सारली. म्हटलं, "मांड रेजिमेंट. तुजा ट्रक कुटं असायचा, दाव." त्यानं पंचेचाळीस मांडले, आणि पार मागं, ताटाच्या काठाशी, एकच शेंगदाणा ठेवला. "जेवा," म्हणाला, "भाकरी गार हुईल."

रात झाली तरी ताट तसंच होतं. आता ती रेजिमेंट कुटायला घरात कोण आहे?