लान्स नॉस्केचे सत्तेचाळीस

पुरुषांना म्हातारपण शोभत नाही असं माझं जुनं मत आहे, आणि मुराबिंगा रायफल क्लब दर शनिवारी ते पक्कं करत आला. क्लब म्हणजे एक पत्र्याची शेड, एक किटली आणि चार सभासद. एके काळी चाळीस होते. बाकीचे चर्चच्या मागे झोपलेत, आणि दोघे मुलांकडे शहरात राहायला गेलेत, म्हणजे त्यांचंही जवळपास तेच झालं. मी ऊना क्लाइनिग, पोस्टातून निवृत्त, वय चौऱ्याहत्तर, या क्लबची कॅप्टन. नियमांचं पुस्तक माझ्याकडे असतं, कारण बाकी तिघांना ते चष्मा लावूनही वाचता येत नाही.

बाकीचे तिघे म्हणजे डार्सी, आयव्हन आणि लान्स. डार्सीने जन्मभर मेंढ्यांची लोकर कातरली आणि आता जन्मभराच्या कंबरेचं गाऱ्हाणं गातो. आयव्हन गावचा बेकरीवाला होता. बेकरी बंद झाली तरी शनिवारी पास्टी घेऊन येतो. पास्टी म्हणजे मटण-बटाट्याची तळहाताएवढी करंजी, आणि हा गृहस्थ त्यात गाजर घालतो. गाजर घालणाऱ्या माणसाबद्दल यापेक्षा जास्त काही सांगायची गरज नाही.

लान्स नॉस्के एकोणऐंशी वर्षांचा. एक्केचाळीस वर्षं गव्हाच्या कोठारावर काम केलं. लग्न केलं नाही, कुत्रे पाळले. सात कुत्रे, एकामागून एक, आणि सगळ्यांची नावं चर्चच्या हुद्द्यांवरून. पहिला डीकन होता, मग बढती मिळत मिळत आत्ताचा बिशप. बिशप चौदा वर्षांचा, पिंपासारखा जाडा, अंगाला ओल्या पोत्याचा वास. माझी एक टोपी त्याने खाल्ली आहे. पण गेल्या महिन्यात त्याच्या पोटात गाठ निघाली, मागचे पाय गेले, आणि लान्स त्याला उचलून गाडीत घालू लागला.

आमच्याकडे आपला कुत्रा आपणच संपवायचा असतो. जनावरांचा डॉक्टर दीडशे किलोमीटरवर आहे म्हणून नव्हे; तो शेजारी राहत असता तरी तेच केलं असतं. ज्याने खायला घातलं त्यानेच, घराच्या मागे, एका गोळीत. दुसऱ्याच्या कुत्र्यावर कुणी बंदूक उचलत नाही आणि कुणी तसं मागतही नाही. लान्सने आधीचे सहाही स्वतः संपवले होते आणि आपल्या घरामागे पुरले होते. जुलैतल्या, म्हणजे आमच्याकडच्या ऐन हिवाळ्यातल्या, त्या शनिवारी तो चहाचा पेला हातात धरून म्हणाला, "उद्या सकाळी बिशपला मोकळा करतो. काल खड्डा खणून झाला."

मग आयव्हन म्हणाला, "खड्डा खणलास? त्या खांद्याने?"

"तीन दिवस लागले. आज बघतो. पंचेचाळीसच्या वर गेलो तर हात अजून शाबूत आहे. मग उद्या मीच."

"मागच्या शनिवारी सत्तेचाळीस मारलेस ना," डार्सी म्हणाला, जरा घाईनेच. "तुला काय धाड भरलीय?"

दहा गोळ्या, एकेकीला जास्तीत जास्त पाच गुण, म्हणजे पन्नासपैकी सत्तेचाळीस. हे मला कित्येक महिने डाचत होतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस, पेल्यात साखर घालताना निम्मी टेबलावर सांडणारा, दर शनिवारी सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. गेल्या वर्षीचा कपसुद्धा त्यानेच नेला. तो कप त्याआधी नऊ वर्षं माझ्या रेडिओवर होता. खरं सांगते, मला लान्सचा राग यायचा.

त्यानंतर नेहमीची बडबड सुरू झाली. ती ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

"डॉक्टर म्हणतो, खुबा बदलायला हवा," डार्सी म्हणाला.

"आधी तोंड बदल म्हणावं," आयव्हन म्हणाला.

"तू गप रे. तुझ्या काकाकुव्याने तुला पाय पुसायला लावलंय, अख्ख्या गावाला माहितीय."

ते खरं होतं. आयव्हनची बायको जाऊन नऊ वर्षं झाली. पक्षी अजून तिच्या आवाजात "पाय पूस!" म्हणून ओरडतो, आणि हा मुकाट्याने पुसतो.

"ऊने, तुझ्या मांजराचं काय?" आयव्हनने विषय बदलला.

"माझं मांजर तुमच्याहून स्वच्छ आहे आणि कमी बोलतं," मी म्हटलं. "डार्सी, बंदुकीवर काय बसवून आणलंयस ते?"

"दुर्बीण. जर्मन आहे."

"दुर्बीण नवी, डोळा जुना. नवरी नटली आणि सुपारी फुटली."

"खा गं, पास्टी खा. तोंड बंद राहील," डार्सी म्हणाला.

"गाजर आहे," मी म्हटलं.

"गाजराने नजर सुधारते," आयव्हन म्हणाला आणि एकदम गप्प झाला. लान्स खाली बघत बिशपला पास्टीचं मटण भरवत होता. गाजर वेचून बाजूला काढत होता, बोटांनी चाचपून. कुत्र्यालाही गाजर चालत नव्हतं.

आता खंदकात उतरायची वेळ झाली. आमची निशाणं तीनशे यार्डांवर असतात. त्यांच्या खाली एक खोल खंदक. एक जण त्यात बसतो, प्रत्येक गोळीनंतर निशाण खाली ओढतो, भोक कुठे पडलं ते खुणेने वर दाखवतो. बाहेर मारणाऱ्याच्या शेजारी दुसरा बसून गुण मोजतो. गेली दीड-दोन वर्षं लान्सच्या पाळीला खंदकात डार्सी आणि शेजारी आयव्हन, हे ठरलेलं. त्या दिवशी डार्सी खुर्चीवरून उठतानाच कळवळला.

"खुबा. खंदकाची शिडी नाही जमायची."

"मी जाते," मी म्हटलं.

दोघांचे चेहरे असे झाले की जणू मी त्यांची पेन्शन मागितली. डार्सी लंगडत माझ्यामागे आला. "ऊने, लान्सला जरा सांभाळून घे हं."

"निशाण सांभाळून घेत नाही, मी कशाला घेऊ?" म्हणत मी चालू लागले. या लोकांचं असं अर्धवट, चघळत बोलणं मला मुळीच सहन होत नाही.

खंदकात मी एक नंबरच्या निशाणावर नवा कागद चढवला. खळीचं डबडं सरकवलं, तर त्यामागे एक लोखंडी कांडी सापडली, वीतभर, टोक घासलेलं. कशाची म्हणून मी ती एका जुन्या कागदात खुपसून पाहिली. नेमकं गोळीएवढं भोक पडलं. तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी स्वतःला हुशार समजते.

लान्सची पहिली गोळी डोक्यावरून कडाडून गेली आणि मागच्या बांधाची माती उडाली. मी निशाण खाली ओढलं. कागद कोरा. मी 'चुकली'ची पाटी वर हलवली. हातातल्या वॉकी-टॉकीवर आयव्हनचा आवाज आला, "कळलं." त्याच्या अंगठ्याखाली बटण तसंच दाबलेलं राहिलं होतं. मग तोंड दुसरीकडे वळवून तो म्हणाला तेही मला ऐकू आलं: "वा, लान्स! पाच."

मी कांडीकडे बघितलं.

एखाद्याचे दहा बार चालू असताना मध्ये थांबवायचं नाही असा नियम आहे, आणि मी नियम मोडत नाही. म्हणून दहाही होऊ दिले. दोन गोळ्या त्याच्या निशाणाला लागल्या, त्याही काठावर. एक शेजारच्या दोन नंबरमधून गेली, ज्यावर त्या दिवशी कुणी नेमही धरला नव्हता. सात मातीत. मी प्रत्येक वेळी खरी खूण दाखवली, आणि प्रत्येक वेळी वॉकी-टॉकीवर आयव्हन म्हणत राहिला, "पाच. पाच. जरा डावीकडे, चार. पाच." शेवटी ऐकू आलं, "सत्तेचाळीस! म्हाताऱ्या, तू कुणाला ऐकत नाहीस."

माझा संताप झाला, आणि खोटं कशाला सांगू, त्या संतापाच्या तळाशी आनंदही होता. म्हणजे कप माझाच होता. मग लान्सचं वाक्य आठवलं, पंचेचाळीसच्या वर गेलो तर उद्या मीच, आणि तो आनंद जागीच आटला. मी लाल बावटा वर चढवला, कागद उतरवून गुंडाळला आणि तीनशे यार्ड चालत निघाले. वाटेत मला गाजर चाचपून वेचणारी लान्सची बोटं आठवली.

लान्स चटईवरून उठत होता. त्याला उठायला तीन मिनिटं लागतात. आधी गुडघा, मग शिवी, मग दुसरा गुडघा. तो खुशीत होता. "ऐकलंस, ऊने? सत्तेचाळीस!"

डार्सी माझ्याकडे बघून मान हलवत होता, नको, नको. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

"लान्स, बस खुर्चीवर. हात दे."

मी कागद त्याच्या मांडीवर पसरला आणि त्याचा हात त्यावर ठेवला. तो आधी हसला. मग बोटं फिरू लागली. काठावर एक भोक सापडलं. "हे एक."

"हो."

बऱ्याच वेळाने दुसरं सापडलं. मग त्याचा हात मधल्या काळ्या गोलात गेला, पुन्हा गेला, तळहाताने सगळा गोल पुसून काढला. कागद गुळगुळीत होता.

"बाकीचे?"

"बाकीचे नाहीत. एक शेजारच्या निशाणात, सात मातीत."

"कपाचा राग काढलास, ऊने," डार्सी म्हणाला. मला झोंबलं, कारण त्यात थोडं खरं होतं.

"आणि तू काय काढत होतास, नक्षी?" मी खिशातून कांडी काढून त्याच्या पायापाशी फेकली. "दीड वर्षं त्या खंदकात बसून कागदाला भोकं पाडलीस. लाज नाही वाटली?"

"त्याला बरं वाटायचं गं," आयव्हन म्हणाला. "शनिवारची वाट बघायचा तो. सांगणार कोण?"

लान्स कागदावर हात ठेवून बसला होता. ओरडला नाही. जन्मभर धान्याच्या गोण्या मोजलेला माणूस, हळूहळूच बोलतो.

"वर्षभर मला मधोमध काही दिसत नाही. ज्याच्याकडे बघेन तेवढंच नाहीसं होतं, कडेचं दिसतं. निशाणाचा नंबर मला सहा महिन्यांपूर्वीच दिसेनासा झाला. पण सत्तेचाळीस म्हटल्यावर माणसाला वाटतं, डोळ्यांना नसेल तरी हाताला माहीत असेल." तो थांबला. "म्हणून उद्या मी त्याच हाताच्या भरवशावर बिशपचा जबडा फोडला असता. आणि तो ओरडत असताना दुसरी गोळी चाचपत बसलो असतो. तुम्ही दोघं तिथे येऊन म्हणाला असतात, पाच."

डार्सी आणि आयव्हन, सत्तर वर्षांपासूनचे मित्र, एकाच बाकावर शाळेत बसलेले, जमिनीकडे बघत राहिले. मला त्यांची कीव यायला हवी होती. नाही आली. दया करणारी माणसं स्वतःवरच दया करत असतात. त्यांना फक्त समोरचा रडवेला चेहरा बघायचा नसतो.

लान्सने कागदाची घडी घातली, नीट, चार वेळा. मग माझ्या दिशेने, म्हणजे माझ्या खांद्याच्या जरा बाजूला, बघून म्हणाला, "ऊने, उद्या सातला ये. तुझी छोटी बंदूक आण."

आमच्या गावात असं कुणी कुणाला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. डार्सीने डोक्यावरची टोपी काढली.

"मी?" मी म्हटलं. "मला तो कुत्रा आवडत नाही."

"म्हणूनच."

रविवारी दहिवर पडलं होतं. कोठारामागच्या त्याच्या घरी मी पोचले तेव्हा फाटकाबाहेर ते दोघे आधीच उभे होते. आत येण्याची हिंमत नव्हती आणि घरी बसवत नव्हतं. खुबा दुखतो म्हणून शिडी न उतरणारा डार्सी तासभर थंडीत उभा होता. आयव्हनने कागदात गुंडाळलेली पास्टी माझ्या हातात दिली. "गाजर नाही घातलं," तो म्हणाला.

खड्डा उत्तम खणलेला होता, कडा सरळ. बिशप त्याच्या शेजारी जुन्या कोटावर पडला होता. लान्स त्याच्या पाठीशी गुडघ्यांवर बसला, एक हात पाठीवर, दुसरा त्याच्या नाकापुढे लांब करून त्यात पास्टी. मला वाटलं होतं माझा हात थरथरेल. तो नाही थरथरला. त्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

एकच गोळी लागली. लान्सचा हात पाठीवर तसाच राहिला, हालचाल थांबेपर्यंत आणि त्यानंतरही. मग त्याने विचारलं, "शेवटी माझ्याकडे बघत होता का?"

हो म्हणायला काय लागतं? डार्सीने म्हटलं असतं. फाटकापाशी उभ्या दोघांनीही माना डोलावल्या असत्या. माझ्या तोंडापर्यंत ते आलंही होतं.

"नाही," मी म्हटलं. "पास्टीकडे."

लान्स हसला. खांदे हलेपर्यंत हसला, आणि मग ते हसू राहिलं नाही.

"मग बिशपच होता तो," तो म्हणाला, आणि पास्टी खड्ड्यात ठेवायला मला त्याचा हात धरून न्यावा लागला.