साहेबाचे बूट धक्क्यावर

आमच्या नाटकमंडळीकडे पडदा नव्हता, दिवे नव्हते आणि नेपथ्य म्हणून एक स्टूल होतं, तेही सोसायटीच्या वॉचमनचं. पण बूट होते. काळे, गुडघ्यापर्यंत येणारे, चालताना खाडखाड वाजणारे. आमच्या नाटकात इंग्रज साहेब होणारा नट डोंबिवलीचा, एका बँकेत कारकून. त्याने ते आपल्या पोलीस मेहुण्याकडून मागून आणले होते. तालमी ठाण्यात, वर्तकनगरातल्या एका बिल्डिंगच्या गच्चीवर चालायच्या. तो गच्चीच्या जिन्यात बूट वाजवू लागला की खालच्या मजल्यावरच्या काकू दार उघडून म्हणायच्या, "आला मेला राणीचा जावई."

ही गोष्ट नव्वद सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. नाटकाची सुरुवात झाली ती एका मित्राच्या स्वयंपाकघरात. खाडीत भराव टाकून उभ्या केलेल्या बिल्डिंगमध्ये त्याने मोठ्या हौसेने तळमजल्याचा फ्लॅट घेतला होता. उधाणाची भरती आली आणि पाणी थेट ओट्याखाली. मी गेलो तेव्हा शेगडी पलंगावर होती, मित्र शेगडीशेजारी मांडी घालून बसला होता आणि सिलिंडरच्या मागे एक निवटी उड्या मारत होती. चिखलातला हा मासा त्याने आयुष्यात पाहिला नव्हता. "हे काय आहे रे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मूळ मालक."

आम्ही दोघं तणतणत कोळीवाड्यात गेलो. भरती जणू तिथूनच सोडतात. एक नाखवा जाळं विणत बसला होता, साठीचा, कानात सोन्याची बाळी. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "आमी पान्याला इचारून घर बांधतो. तुमी पान्याचे जागंवर घर बांधता आन मंग पान्याला शिव्या देता. तिवरं तोरलीव, आता पानी थांबंल कुठं? तुमचे कपाटान?"

हे ऐकून मित्र घराकडे वळला. मला मात्र नाटक दिसायला लागलं.

त्यानंतर मी तिथे इतक्या वेळा गेलो, की नाखव्याची बायको मला पाहिलं की विचारल्याशिवाय तांदळाची भाकरी थापायला घ्यायची. मी तिला मावशी म्हणायचो. कोलंबीचं कालवण ओरपत मी तिथल्या हकिकती गोळा केल्या. खाडीत पूर्वी काय मिळायचं, आता काय मिळत नाही, पावसाळा कसा सरकला, पाणी कसं चढलं. हवामानबदल वगैरे शब्द तेव्हा आमच्या तोंडी नव्हते. मावशी म्हणायची, "वारा फसवतंय आता," तेवढं पुरायचं.

आणि मग नाखव्याची आई. नव्वदीची, गुडघ्यांनी राजीनामा दिलेली, पण आवाज असा की पलीकडच्या काठावरची कुत्री उठून बसावीत. तिची एक गोष्ट होती. इंग्रजांच्या काळात मीठ सरकारचं. खाडीचं पाणी आपलं, ऊन आपलं, पण दोघांचं लेकरू सरकारचं. घरी मीठ केलं तर गुन्हा, आणि मिठाशिवाय मासे खारवणार कसे? म्हणून ही चोरून मीठ करायची. एकदा मिठाचा साहेब झडतीला आला. घरात मिठाचं मडकं. तेव्हा विशीतली ही बाई त्या मडक्यावर लुगडं पसरून बसली आणि बाळंतपणाच्या कळा आल्यासारखी ओरडू लागली. साहेब पळाला. मीठ वाचलं, मासे वाचले.

ही गोष्ट तिने जन्मभर सांगितली होती. बाजारात, लग्नात, हळदीत. घरचे हसायचे, बाहेरचे मान डोलवून कोलंबीचा भाव विचारायचे. ठाणं तिच्या डोळ्यांदेखत वाढलं आणि त्यातल्या कुणालाही वाटायचं नाही की इथे आपल्याआधी काही घडलं असेल.

मी नाखव्याला म्हटलं, हे आपण खाडीतच करू. होडी म्हणजे रंगमंच, धक्का म्हणजे प्रेक्षागृह. तो म्हणाला, "होरी मी देतो. पन माजे आयेला दिसला पायजे." एवढीच अट होती. पण खाडी गाळाने इतकी भरली होती, की उधाणाच्या भरतीलाच होडी धक्क्याला लागायची. त्यातही पाणी थोडाच वेळ टिकायचं. आणि म्हातारी पुढचं उधाण बघेल की नाही याची घरात कुणालाच खात्री नव्हती.

तो दिवस आला. धक्क्यावर ही गर्दी. अर्धा कोळीवाडा, आमच्या कॉलनीतली कुटुंबं, पाण्यात बुडालेल्या त्या बिल्डिंगचे समस्त रहिवासी, नाकाला रुमाल लावलेल्या आमच्या काकू. सगळ्यांच्या पुढे खुर्चीवर म्हातारी, नवं लुगडं, डोक्यात अबोलीची वेणी. होडी पताकांनी सजली होती, पुढच्या टोकाला हळदकुंकू. होडीतच एका कोपऱ्यात मावशी चूल मांडून बसली होती, कारण नाटकात सुका जवळा भाजला जायचा आणि त्याचा वास ही आमची एकमेव प्रकाशयोजना होती. आमची नायिका मडकं घेऊन चढली. मी चढलो. मग साहेबाने हॅट नीट केली आणि धक्क्यावरून थेट होडीत उडी मारली. खाड.

नाखव्याने हातातली होडी ढकलायची काठी खाली ठेवली आणि तो धक्क्यावर जाऊन पाठ करून बसला.

कुणाला काही कळेना. आम्ही सगळे अनवाणी होतो, ते काठावरच्या चिखलात चपला रुततात म्हणून. होडीत कोळी कधीच पायताण घालून चढत नाहीत, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. गच्चीवरच्या तालमीत होडी म्हणजे खडूने काढलेली रेघ.

मावशी चुलीजवळून म्हणाली, "होरी हाय ती, फलाट नाय. आय हाय आमची. तिचे अंगावर बूट?"

मी साहेबाला म्हटलं, "काढ."

"काढतो कसला?" तो म्हणाला. "अरे, बूट काढले तर साहेब कुठे राहिला? हॅट घातलेला कारकून दिसेन मी."

"तू कारकूनच आहेस."

"म्हणून तर," तो म्हणाला.

मी धक्क्यावर नाखव्याकडे गेलो. हात जोडले. तो पाण्याकडे बघत होता. पाणी भरून स्थिर झालं होतं, आणि स्थिर झालेलं पाणी उतरायलाच निघालेलं असतं. "माजी आय बसलीय," तो म्हणाला. "मला पन पायजे नाटक. पन त्या बुटांसकट होरी नाय हालनार." होडीवर साहेब हटेना, धक्क्यावर नाखवा हटेना. मागून बिल्डिंगचे सेक्रेटरी विचारत होते, "मध्यंतर आहे का हो?"

म्हातारीला ऐकू कमी यायचं. तिने नातवंडांना विचारलं, काय चाललंय. कुणीतरी तिच्या कानात ओरडून सांगितलं. मग तिचा तो आवाज निघाला.

"त्या सायबालाबी बूट कारायला लावलंते. माजे सासऱ्यानी. त्याला हितून होरीतून घरी नेला, तवा बूट धक्क्यावर ठेव बोलला, तरच होरीत घेतला. मंग तो पलला तो तसाच, उघरे पायांनी. बूट हितंच ऱ्हायलं."

एवढ्या वर्षांत हा भाग तिने कुणाला सांगितलाच नव्हता. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं. होडीत येणारा पायताण काढणारच.

मी साहेबाकडे पाहिलं. तो नट होता, खरा नट. आपल्या भूमिकेत याहून मोठा प्रवेश लपलाय हे त्याच्या चेहऱ्यावर उजाडताना मी पाहिलं. तो होडीतून उतरला. सगळ्या ठाण्याकडे तुच्छतेने बघत एक बूट काढला, मग दुसरा. दोन्ही धक्क्याच्या कडेला जोडीने ठेवले, रुमालाने पुसले, त्यांना सलाम ठोकला. गर्दीतून हसण्याची लाट आली. नाखवा उठला. खाडीच्या पाण्याने त्याने होडीचं टोक धुतलं, नारळ वाढवला, काठी उचलली आणि होडी हलली.

पुढचं नाटक मी लिहिलेलं नव्हतं. अनवाणी साहेब फळ्यांवर चटके बसल्यासारखा चालत होता, हुकूम देत होता आणि प्रत्येक हुकमानंतर काठावरच्या बुटांकडे आशेने बघत होता. लोक हसून हसून बसायला लागले. जवळ्याचा वास काठावर पोचला, तेव्हा काकूंनी रुमाल खाली घेतला.

मग तो प्रवेश. आमची नायिका मडक्यावर बसली आणि कळा देऊ लागली. सुशिक्षित घरातली मुलगी, ती जरा जपून कण्हत होती. काठावरून आवाज आला, "आसं नाय गं बाय. तोंड बांधलंय का तुजा?" आणि खुर्चीतल्या म्हातारीने स्वतःच कळा द्यायला सुरुवात केली. काय तो आवाज. तिवरांतले बगळे उडाले. नायिका हुशार, तिने नुसतं तोंड उघडं ठेवलं आणि हात झाडले, आवाज सगळा नव्वदीच्या बाईचा. साहेब खरोखरच दचकला. पळायचं म्हणून त्याने होडीबाहेर उडी घेतली. पाणी एव्हाना उतरलेलं. तो गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला आणि हॅट सावरत "हेल्प, हेल्प" करू लागला. दोन कोळणी पदर खोचून उतरल्या आणि ब्रिटिश साम्राज्याला काखेत धरून बाहेर काढलं.

टाळ्या थांबेचनात. होडी तिथेच चिखलात बसली होती. मावशीने भाकऱ्या आणि जवळा हातोहात काठावर पोचवला. काकूंनी नुसती भाकरी घेतली, मग इकडेतिकडे बघून तिला जवळा लावला. तळमजल्यावरचा माझा मित्र म्हातारीजवळ जाऊन बसला होता. आपली बिल्डिंग जिथे आहे तिथे आधी काय होतं, हे त्याला विचारायचं होतं. ती बोटाने दाखवत होती: इथे मीठ, तिथे बोईट मासे, इथून पुढे नुसतं पाणी. त्याच्या मागे आणखी माणसं उकिडवी बसत गेली.

मी तिच्या कानाशी वाकून मोठ्याने विचारलं, "आजी, कसं झालं?"

"सायब बरा हाय," ती भाकरी चघळत म्हणाली. "पन तो पलताना ररत व्हता, डोल्यांन पानी. ह्याला ररायला सांग. उंद्या माजी बहीन येल."

नाखवा पाण्याकडे बघून मोठ्याने म्हणाला, "उंद्या पानी जरा उशिरा येल."

"मंग उशिरा करा," म्हातारी म्हणाली.