सुकरूभाऊंचा गुंड

ज्येष्ठातल्या एका सकाळी वडशाला माझ्या घरी फोन वाजला. "साहेब, आमचे बाबा गेले जी," सुकरूभाऊंची लेक सुमन एवढंच बोलली. आणि मी काय विचारावं? "नदीला पूर आला का?" त्या मूर्खपणाची लाज अजून जात नाही.

सुकरूभाऊ कुरखेड्याकडचे ढिवर, पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारे. त्यांच्या गावच्या नदीवर सिमेंटचा बंधारा बांधायला मी इंजिनिअर म्हणून गेलो, तेव्हा ते मजुरीला होते. भिंत कमरेएवढी झाली तसं घमेलं खाली ठेवून म्हणाले, "साहेब, पुरात मासे वर चढते, अंडी घालाले. त्याईले वाट काऊन नाई ठेवली?" मी हसलो हो! म्हणालो, "पाणी अडवायचं की माशांना रस्ता करायचा?" सगळे मजूर हसले. सुकरूभाऊही हसले आणि त्यांनी पुन्हा घमेलं उचललं... धानाला पाणी मिळालं, माझी वाहवा झाली. वरच्या गावांतली जाळी मात्र दोन-तीन वर्षांत खुंटीला लागली.

तेव्हापासून दर पुरात हा माणूस भिंतीच्या पायथ्याशी उभा. उड्या मारून भिंतीवर आपटणारे मासे जाळ्यात धरायचे, पितळेच्या गुंडात, म्हणजे घागरीत, पाणी भरून त्यात टाकायचे आणि वर नेऊन सोडायचे. ढिवरानं हाती आलेला मासा सोडायचा! गाव त्यांना येडा म्हणायचं. निवृत्त झाल्यावर माझे डोळे उघडले. भिंत फोडून माशांना वाट करा, म्हणून अर्ज करत सुटलो. सरकारी काम अन् सहा महिने थांब. इथे वर्षं गेली. गेल्या दिवाळीला भेटलो तेव्हा ते खाटेवर होते. "साहेब, अर्जाचं काय झालं?" त्यांनी विचारलं. "होतंय," मी म्हणालो. नकाराचं पत्र माझ्या खिशात होतं. "यंदा मासे लय चढले," ते म्हणाले. तेवढ्यावर मी समाधानानं घरी आलो.

तेरवीला सुमननं गुंड माझ्यापुढे ठेवला. "तुमीच न्या जी. भिंत तुमची व्हय." रागानं नाही, सहज म्हणाली. पुढे पूर आला तसा गुंड घेऊन बंधाऱ्यावर गेलो. दुपारपर्यंत पायथ्याशी उभा राहिलो. एक मासा उडाला नाही. एकही नाही... सुमन शेजारी उभी होती. हळूच म्हणाली, "दोन सालापासून असंच आहे. बाबा रिकामा गुंड घेऊन येत. म्हणत, साहेबाले सांगू नोको, जीव तोडून अर्ज करून राह्यला बिचारा."

गुंड आता माझ्या बैठकीत आहे. सकाळी त्यात पाणी भरतो, संध्याकाळी झाडाला ओततो. भिंतीला अजून साधी चीर गेलेली नाही. फार पक्की बांधली मी.