पिवळ्या बोंडांचं झाड
पिकलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस गोड वास आला की मला माझे दीडशहाणे काका आठवतात. तेव्हा आमच्या आरोंद्यात दारूबंदी होती आणि खाडीपलीकडच्या गोव्यात पोर्तुगीज होते. तिकडची एक भट्टीवाली म्हातारी दर उन्हाळ्यात होडीने येऊन फेणीसाठी आमची बोंडं निवडायची. झाडावरचं फळ ती कधी तोडत नसे. आपणहून पडलेलं उचलायची, मुठीत पिळायची आणि बोटं किती चिकटतात ते बघायची. मुंबईत कारकुनी करून 'मला'ऐवजी 'माका' म्हणायची लाज वाटू लागलेल्या काकांनी एकदा तिच्यापुढे मोठी, तांबडीलाल बोंडं मांडली. तिने एक पिळलं. "ह्यात नुसता पाणी आसा. माका ता पिवळा झाडच बरा." "अडाणी बाई," काका मला म्हणाले, आणि ती गेल्यावर बारीक पिवळ्या बोंडांचं ते झाड त्यांनी तोडायला लावलं. चारचौघांत दारूबंदीचे गोडवे गाणारे काका तिच्याकडून दरवर्षी गुपचूप एक बाटली घेत. पुढच्या हंगामात तिने निमूट तांबडी बोंडं नेली आणि काकांची बाटली त्या तांबड्या बोंडांच्याच फेणीने भरून दिली. एक घोट घेऊन तोंड वाकडं करत ते म्हणाले, "म्हातारीचा हात बिघडला." ही गोष्ट मी आजही सगळ्यांना हसत सांगतो. एवढंच सांगत नाही, की मी तेव्हा पोर नव्हतो, चांगला शाळामास्तर होतो, म्हातारीचं खरं आहे हे मला ठाऊक होतं, आणि तोडताना झाड घरावर पडू नये म्हणून दोर धरून मीच उभा होतो.