शेख सरांची गाडी कुठे कुठे बंद पडली

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. गाडीतल्या पायपुसण्याखाली खडे साचतात ना, तसे ते साचत जातात. झाडायला घेतलं की कळतं, अरे बापरे, एवढे होते! आमचे तर सगळेच्या सगळे एकाच गाडीतले आहेत. आज सांगताना हसू येतं, हे खरं. पण घडत होते तेव्हा आम्ही फक्त दमत होतो.

आम्ही म्हणजे तिघं, एकाच हायस्कूलवरचे. शाळा करंजी घाट उतरून पुढे, पाथर्डीच्या बाजूला. शेख सर आणि मी भिंगारला राहतो. नवले सर सावेडीहून स्कूटर घेऊन यायचे, ती शेख सरांच्या दारात लावायचे आणि मग तिघं मिळून शेख सरांच्या गाडीने शाळेत. शेख सर गणिताचे. गाडी त्यांची, चालवायचेही तेच. नवले सर विज्ञानाचे, जागा पुढची. मी मराठीची, मागे, तिघांच्या पिशव्या आणि डबे सांभाळत.

गाडी पेट्रोलची, बरीच जुनी. मुळात पांढरी होती म्हणे.

*

पहिल्यांदा बंद पडली ती ऊस वाहतुकीच्या दिवसांत. समोर उसाची ट्रॉली, मागे उसाची ट्रॉली, मधे आम्ही. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. रेडिओवर गाणं चालू आणि इंजिन बंद!

शेख सरांनी चावी फिरवली. स्टार्टर नुसता घरघरला. पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. मागचा ट्रॅक्टर हॉर्नवरून हात काढेना. शेवटी त्याचा ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी आला. "काय झालं मास्तर?"

शेख सर काही बोलायच्या आत नवले सरांनी तास सुरू केला. "ही जुन्या कार्ब्युरेटरची गाडी नाही. ही फ्युएल इंजेक्शनची आहे. हिला कॉम्प्युटर असतो. पेट्रोल किती सोडायचं, कधी सोडायचं, सगळा विचार तो करतो. आत्ता तो विचारच करत असणार."

ड्रायव्हरने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मंग त्याला म्हनावं, बाजूला हून विचार कर!"

*

भिंगारला दिलीप मिस्त्रीचं गॅरेज आहे. माणूस चांगला, हाताने चालू आणि तोंडाने त्याहून चालू. गाडी त्याच्याकडे नेली की ती शहाण्या मुलासारखी वागायची. अर्धा तास चालू ठेवा, तास चालू ठेवा, हू की चू नाही. त्याने स्कॅनर लावला. स्कॅनरने सांगितलं, दोष नाही.

तरी त्याने प्लग बदलले. थ्रॉटलमधला कार्बन साफ केला. पेट्रोलचा फिल्टर बदलला. प्रत्येक वेळी म्हणायचा, "आता न्हाई बंद पडनार." आणि आम्ही चांदबीबी महालाच्या अलीकडेच कुठेतरी, बाभळीखाली उभे, ती आपल्या मर्जीने पुन्हा चालू होईपर्यंत!

शेवटी त्यालाच राग आला. "मी येतो तुमच्यासंगं. माज्यासमोर पडूद्या बंद."

आला. तो दिवस ढगाळ होता, भुरभुर पाऊस. गाडी घाट उतरली, शाळेत पोचली, काही झालं नाही. मिस्त्री म्हणाला, येताना पडेल. म्हणून दिवसभर शाळेत थांबला. कंटाळून माझ्या आठवीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसला आणि अख्खा तास झोपला. संध्याकाळी परत भिंगारपर्यंत आलो, तोवर ऊनही पडलं होतं. काही नाही! मिस्त्री गॅरेजपाशी उतरला, हात हलवला, दार लावलं.

पुढच्या वळणावर गाडी बंद पडली.

शेख सरांनी फोन लावला. मिस्त्री म्हणाला, "सर, माझं ऐका. मला गाडीतच ऱ्हायला जागा द्या."

*

नवले सरांनी मग शास्त्रीय पद्धत काढली. कुठे बंद पडली, तेव्हा काय काय चालू होतं, सगळं ते लक्षात ठेवायचे. एके दिवशी घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, गैरसमज करून घेऊ नका. पण मागच्या आठवड्यात तुम्ही रजेवर होतात, तेव्हा गाडी एकदाही बंद पडली नाही."

"मग?"

"मागच्या सीटखाली पेट्रोलचा पंप असतो. तुम्ही बरोब्बर त्याच्या वर बसता."

मी काही बारीक नाही, हे मला माहीत आहे. पण हे असं, सकाळी सकाळी, शास्त्रीय पद्धतीने ऐकून घ्यायची तयारी नव्हती. शेख सर आरशात माझ्याकडे बघायचं टाळत होते. मी म्हटलं, ठीक आहे, करा प्रयोग. मेहेकरी गाव गेल्यावर उतरले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. ठरलं असं की गाडी थोडी पुढे जाऊन परत येईल.

गाडी गेली. नजरेआड झाली. मी ऊन खात उभी. येणारा-जाणारा विचारतोय, "बाई, कुठं जायचंय?" काय सांगणार? प्रयोग चाललाय?

बऱ्याच वेळाने समोरून नवले सर येताना दिसले. चालत! घामाघूम. गाडी पुढे बंद पडली होती.

मी एकच विचारलं, "सर, पंपावर कोण बसलं होतं?"

*

मुख्याध्यापकांचं वेगळंच. त्यांना वाटायचं, आम्हाला उशीर होतो तो नाश्त्याला थांबतो म्हणून. करंजीला भजी चांगली मिळतात, हे दुर्दैवाने त्यांना माहीत होतं. रोज फाटकाशी उभे. रोज आम्ही सांगायचो, "सर, गाडी बंद पडली." रोज ते म्हणायचे, "हो का?"

एकदा त्यांची मोटारसायकल पंक्चर झाली आणि त्यांना नगरला मीटिंगला जायचं होतं. आमच्याबरोबर निघाले. घाट चढून वर आलो आणि भर उन्हात गाडीने जीव सोडला. मला, खरं सांगते, आनंद झाला! तिघांच्याही चेहऱ्यावर तोच आनंद. मुख्याध्यापक खाली उतरले, कोट काढला, माझ्या हातात दिला आणि गाडी कडेला ढकलू लागले. कपाळावरून घाम ओघळतोय. नवले सर लाघवीपणे म्हणाले, "आता पटलं ना सर?"

सर दम घेत म्हणाले, "पटलं. पण मग त्या दिवशी तुमच्या शर्टावर चटणी कसली होती?"

*

हा पुढचा हसण्यासारखा नाही. पण याच्याशिवाय बाकीचे पूर्ण होत नाहीत.

सकाळी घाट उतरत होतो. वळणावर इंजिन बंद झालं. उतार असल्यामुळे गाडी धावतच राहिली, पण इंजिन बंद झालं की स्टेअरिंग जड होतं, आणि ब्रेकही दगडासारखा होतो, हे मला त्या दिवशी कळलं. समोरून कांद्याचा ट्रक चढत होता. शेख सर दोन्ही हातांनी स्टेअरिंगला लोंबकळल्यासारखे वळवत होते आणि दोन्ही पायांनी ब्रेकवर उभे होते. ट्रक इतक्या जवळून गेला की पोत्यांचा वास आत आला.

गाडी कठड्याला लागून थांबली. नवले सरांनी हँडब्रेक ओढला. शेख सरांनी हात स्टेअरिंगवरून काढले आणि मांडीखाली घातले.

दुसऱ्या दिवसापासून मी एसटीने जायला लागले. शेख सरांना सांगितलं, एसटी घराजवळून मिळते. त्यांनी मान हलवली. भिंगारमध्ये कुठली एसटी कुठून मिळते, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

*

पंधरवड्याने शेख सर घरी आले. उंबऱ्याशीच उभे राहिले. म्हणाले, "मॅडम, दिलीप मिस्त्री म्हणतो, गाडी बंद पडताना काट्यांकडे कोणीतरी नीट बघायला हवं. माझं लक्ष रस्त्यावर असतं."

"नवले सर पुढेच बसतात की."

"ते मागे वळून बोलत असतात." जरा थांबून म्हणाले, "तुम्ही नसलात तरी."

घाट ओलांडायचा नाही, अलीकडेच फिरायचं, या अटीवर मी गेले. पुढे बसले. भर दुपार, रखरख. मी टक लावून काट्यांकडे बघत राहिले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सपाट रस्त्यावर ती बंद पडली आणि मला दिसलं. गाडी अजून पळत होती, गिअरमध्ये होती, पण इंजिनचे फेरे दाखवणारा काटा एकदम शून्यावर! हळूहळू खाली आला नाही. पडलाच.

मिस्त्रीला हे सांगितलं तर तो जागचा उठला. "इंजिन फिरतंय आन् काटा म्हनतोय फिरत न्हाई? मंग त्ये मोजनारा सेन्सर झोपतोय! त्येनं खबर न्हाई दिली तर कॉम्प्युटर पेट्रोल बी सोडत न्हाई आन् ठिनगी बी न्हाई. गरम झाला की झोपतो, गार झाला की उठतो. म्हनून पावसात मला फसवलं त्येनं!"

पण इतक्यांदा तोंडघशी पडल्यामुळे त्याला पुरावा हवा होता. इंजिन थंड असतानाच फक्त तो सेन्सर गरम करून बघायचा होता. कशाने करणार? शेजारी ब्यूटी पार्लर आहे. मिस्त्री गेला आणि केस वाळवायचं मशीन घेऊन आला! गाडी चालू केली, बॉनेट उघडलं, आत हात घालून गरम वारा सोडत राहिला. आम्ही तिघं श्वास रोखून. थोड्या वेळाने इंजिन गप्पकन बंद. मग ओलं फडकं सेन्सरवर धरलं, थोडं थांबला, चावी फिरवली. लगेच चालू!

मिस्त्रीने फडकं हवेत उडवलं. नवले सरांनी टाळ्या वाजवल्या. शेख सर तिथल्या टायरवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. इतके महिने!

एवढ्यात पार्लरवाली दारात आली. "झालं का तुमचं? अर्धी ओली नवरी बसलीय माझ्याकडं!"

*

नवा सेन्सर बसला. पहिल्या दिवशी आम्ही काट्यांकडे बघत घाट उतरलो. शाळेच्या फाटकात गाडी शिरली तेव्हा मुख्याध्यापक तिथे नव्हतेच. शिपाई झाडत होता. आम्ही ऑफिसात जाऊन सह्या केल्या. सर आले, आमच्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं आणि शिपायाला हाक मारली.

"अरे, घड्याळाचा सेल बदल. मागं पडलंय."

*

एक मधलाच राहिला. गाडी बरी व्हायच्या आधीचा. मुद्दाम मागे ठेवला होता.

शनिवार होता, सकाळची शाळा. नवले सर रजेवर. शेख सरांच्या अब्बांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना नगरच्या दवाखान्यातून घरी न्यायचं होतं. अब्बा एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. घरात दखनी उर्दूत बोलतात, पण रागावले की मराठीत. डोळ्यावर हिरवी पट्टी, त्यावर काळा चष्मा. डॉक्टरांनी बजावलेलं, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. त्यांना पुढे बसवलं आणि निघालो.

ऐन चौकात गाडी बंद! चारी बाजूंनी हॉर्न. शेख सर ढकलायला उतरले तर स्टेअरिंग धरणार कोण? मला गाडी येत नाही. म्हणून मी उतरले, पदर खोचला आणि ढकलायला लागले. गाडी तसूभर हलेना.

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. अब्बा बाहेर.

शेख सर आतून ओरडले, "अब्बा, बसा! डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं!"

"चालवायला डोळं लागत्यात," अब्बा म्हणाले. "ढकलायला काय लागतंय?"

चाचपडत मागे आले, माझ्या शेजारी उभे राहिले आणि दोन्ही तळवे डिकीवर टेकवले. नुसते टेकवले. जोर कसलाच नाही. मान तेवढी खाली घातली आणि मोठ्याने कण्हले.

चौक हलला! पानवाला धावत आला. रिक्षा सोडून दोघं आले. फळांच्या गाडीवरचा आला. एकजण खिडकीतून आत वाकून शेख सरांवर बरसला, "लाज वाटत न्हाई का रं? म्हातारा मानूस, डोळ्याला पट्टी, त्येला ढकलाय लावतो आन् सोता आत बसतो?" शेख सर स्टेअरिंगला घट्ट धरून, कान लाल, समोर बघत. इतक्या हातांनी गाडी अशी पळाली की मला मागून धावावं लागलं. चौक ओलांडून लिंबाच्या सावलीत नेऊन उभी केली. कोणी अब्बांना पाणी आणून दिलं, कोणी हाताला धरून आत बसवलं. जाताना जो तो शेख सरांकडे रागाने बघून गेला.

गाडी पुन्हा चालू व्हायची वाट बघत आम्ही तिघं बसलो.

मग अब्बांनी चष्मा नीट केला आणि म्हणाले, "बघितलं? तू ढकलली असती तर एक बी आला नसता."