एक रात्र उभी

माझी थोरली नणंद वसुमतीअक्का म्हणजे महाहट्टी बाई. तिच्यापायी मी किती वेळा तोंडघशी पडलेय, ते मलाच ठाऊक. पण शहाण्णव सालच्या त्या दिवशी मात्र माझी पाचावर धारण बसली.

इलेक्ट्रॉनिक सिटीच्या पुढं वाईनच्या कारखान्यात आम्ही दोघी कामाला होतो. भरलेल्या बाटल्या ती पुसून उजेडात तपासायची, मी लेबलं चिकटवायची. तिच्या नोकरीवरच तिच्या लेकीचं, आश्लेषाचं कॉलेज चाललं होतं.

पहिल्यांदाच माल परदेशी जायचा होता, लॉरी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. पुण्याहून नवे आलेले मॅनेजर शंतनुसाहेब म्हणाले, "बूच लावलं की खोकी लगेच उलटी रचा. वाईन लागून राहिली की बूच सुकत नाही."

"उलटी करू, पण उद्या," अक्का म्हणाली. "बूच दाबून बसवलंय. ते फुगून काचेला घट्ट बसू दे. एक रात्र उभी राहू देत."

"हे कुठं शिकलात?"

"शिकतेय कुठली? आठ वर्षं गळक्या बाटल्या मीच पुसतेय."

बायका फिसकन हसल्या. साहेबांना ते झोंबलं. "एक खोकं उलटं ठेवू, बाकीची उभी. सकाळी ते कोरडं निघालं तर कामावर येऊ नका."

"सरी," अक्का कानडीत 'बरं' म्हणाली आणि पदर खोचून पुढची बाटली उचलली. आश्लेषाचा तरी विचार करायचा होतास, असं मी घरी पोचताच दारात म्हणाले.

सकाळी साहेबांनी स्वतः ते खोकं उचललं. तळाचा पुठ्ठा जांभळा झाला होता. बारापैकी पाच बाटल्या पाझरल्या होत्या, मी चिकटवलेली लेबलं भिजून लोंबत होती. उभी खोकी एकूण एक कोरडी. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. ती खोकी उलटी करून आम्ही लॉरीत चढवली, आणि परदेशातून एकाही बाटलीची तक्रार आली नाही.

पुढच्या खेपेला बुचं लावून झाली, बायका खोक्यांशी उभ्या राहिल्या. शंतनुसाहेब अक्काच्या टेबलाशी आले.

"अक्का, उलटायची का?"

अक्का बाटली पुसत होती. ती पुरती पुसून तिनं उजेडात धरली, पाहिली, खाली ठेवली.

"स्वल्प थांबा," ती म्हणाली. आणि साहेब थांबले.